घरच्या व्हर्च्युअलायझेशन सर्व्हरची आखणी: नेटवर्क आणि स्टोरेज पासथ्रू पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

माझा पहिला सर्व्हर उभा राहिला त्याच संध्याकाळी बंदही पडला. मदरबोर्डवरचा साटा कंट्रोलर (डिस्क जोडायची चिप) मी स्टोरेजच्या व्हर्च्युअल मशीनला (व्हीएम) पासथ्रूने, म्हणजे जसाच्या तसा, देऊन टाकला, ती व्हीएम सुरू केली आणि होस्ट, म्हणजे व्हीएम चालवणारा मूळ संगणक, जागच्या जागी गोठला, कारण होस्टची बूट डिस्क त्याच कंट्रोलरला लावलेली होती. ती व्हीएम आपोआप सुरू व्हावी अशी खूणही आधीच करून ठेवलेली, त्यामुळे दर रीबूटला तेच. शेवटी बायोसमध्ये जाऊन व्हीटी-डी (पासथ्रूला लागणारी हार्डवेअरची सोय) बंद केलं. पासथ्रूच अशक्य झाल्यामुळे व्हीएम सुरू होऊ शकली नाही, होस्ट नीट वर आला आणि सेटिंग मागे घेता आलं. सुटकेची ही वाट लक्षात ठेवा, कधी ना कधी लागते.

तेव्हापासून सामान घ्यायच्या आधी मी एक कागद घेतो आणि त्यावर लिहितो: कुठलं उपकरण कुणाच्या मालकीचं. पुढचं सगळं त्या कागदाबद्दल आहे. उदाहरणं प्रॉक्समॉक्स या हायपरव्हायजरची (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) घेतली आहेत, कारण ते मोफत आहे, डेबियन आणि केव्हीएमवर उभं आहे आणि घरच्या सर्व्हरवर सर्रास दिसतं. दुसरा हायपरव्हायजर असला तरी आखणी हीच राहते.

आधी समजून घ्या: पासथ्रूमध्ये नेमकं होतं काय

साध्या व्हीएमला हायपरव्हायजर खोटं हार्डवेअर दाखवतो. तिला दिसणारं नेटवर्क कार्ड आणि डिस्क सॉफ्टवेअरने बनवलेली असतात. पासथ्रूमध्ये खरं पीसीआय एक्सप्रेस उपकरण व्हीएमच्या हवाली होतं. होस्ट त्यावरचा हात काढून घेतो आणि व्हीएममधला ड्रायव्हर थेट त्या चिपशी बोलतो.

अडचण अशी की अशी कार्डं प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहितात. व्हीएमला वाटतं की आपली मेमरी शून्यापासून सुरू होते. प्रत्यक्षात ती होस्टच्या मेमरीत कुठेतरी मधेच असते. कार्डाने व्हीएमने सांगितलेल्या पत्त्यावर डोळे मिटून लिहिलं, तर ते होस्टच्या किंवा दुसऱ्या व्हीएमच्या डोक्यावर लिहिलं जाईल. हे पत्ते बदलून देणारं आणि कार्डाला त्याच्या हद्दीत ठेवणारं हार्डवेअर म्हणजे आयओएमएमयू. इंटेल त्याला व्हीटी-डी म्हणतं, एएमडी एएमडी-व्हीआय. व्हीटी-एक्स आणि एएमडी-व्ही ही नावं वेगळ्या गोष्टीची आहेत. ती नुसती व्हीएम चालवण्यासाठी लागतात आणि ती आहेत म्हणून पासथ्रू होईलच असं नाही. जुना संगणक वापरणार असाल तर प्रोसेसर, मदरबोर्ड आणि बायोस या तिन्हींचा आयओएमएमयूला पाठिंबा आहे का, ते एकेक करून तपासा.

पासथ्रूची किंमतही आधीच माहीत असू द्या. अशा व्हीएमला दिलेली सगळी रॅम सुरू होतानाच तिच्यासाठी अडकून पडते, कारण कार्ड कधी कुठल्या पानावर लिहील ते होस्टला सांगता येत नाही. मग बलूनिंग करून, म्हणजे न वापरलेली रॅम परत घेऊन, ती इतरांना वाटता येत नाही. चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं आणि मेमरीसकट स्नॅपशॉट घेणं या दोन्ही सोयींवरही पाणी सोडावं लागतं.

पायरी १: कागद

डाव्या बाजूला मालक लिहा: होस्ट, स्टोरेजची व्हीएम, राउटरची व्हीएम, बाकीच्या व्हीएम. उजव्या बाजूला प्रत्येकाला काय लागतं ते. होस्टची ओळ सगळ्यात आधी भरायची आणि तिला पुन्हा हात लावायचा नाही. त्या ओळीत तीन गोष्टी हव्यातच: स्वतःची बूट डिस्क, स्वतःचा एक लॅन पोर्ट आणि स्क्रीन-कीबोर्ड लावून आत शिरायची सोय. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलं तर तिसऱ्या गोष्टीसाठी स्लॉट खर्च होत नाही. घरच्या सर्व्हरसाठी प्रोसेसर निवडताना मी चार कोअर कमी घेईन, पण हे सोडणार नाही.

मग प्रत्येक ओळीपुढे प्रश्न विचारा: इथे पासथ्रू खरंच हवं आहे का?

स्टोरेजच्या व्हीएममध्ये ट्रूनॅससारखी स्टोरेज प्रणाली घेऊन झेडएफएस ही फाइलप्रणाली चालवणार असाल, तर हो, आणि यात मी तडजोड करत नाही. झेडएफएसला खरी डिस्क दिसायला हवी. तिचा अनुक्रमांक, स्मार्टची (डिस्कच्या तब्येतीची) माहिती, लिहिलेलं खरंच प्लॅटरवर पोचलं की नाही याचं खरं उत्तर, हे सगळं त्यात आलं. पण दोनच डिस्क असतील आणि घरातल्यांना फाइली वाटण्यापलीकडे काही नको असेल, तर झेडएफएस थेट प्रॉक्समॉक्स होस्टवरच ठेवा आणि एका हलक्या कंटेनरमधून शेअर करा. कंट्रोलर नको, पासथ्रू नको, रॅमही वाचते. नव्याने सुरुवात करणाऱ्या बऱ्याच जणांना एवढं पुरेसं असतं.

नेटवर्कचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असं येतं. व्हर्टआयओचं आभासी कार्ड आणि होस्टवरचा ब्रिज (सॉफ्टवेअरमधला स्विच) गिगाबिट सहज पेलतात. शिवाय एकाच होस्टवरच्या दोन व्हीएम ब्रिजमधून बोलतात तेव्हा डेटा होस्टच्या मेमरीतल्या मेमरीत फिरतो, तारेच्या वेगाची मर्यादा त्याला नसते. स्टोरेजच्या व्हीएमला खरं कार्ड दिलंत, तर शेजारच्या व्हीएमकडे जायचा डेटा बाहेर स्विचपर्यंत जाऊन परत आत येईल. वेग वाढवायला म्हणून केलेली गोष्ट वेग कमी करते. राउटरच्या व्हीएमचा बाहेरच्या बाजूचा पोर्ट हा मात्र पासथ्रूसाठी योग्य उमेदवार आहे. इंटरनेटकडून येणारी तार होस्टच्या नेटवर्कला स्पर्शही न करता थेट फायरवॉलमध्ये जाते.

पायरी २: मदरबोर्ड, गट आणि लेन

नवख्यांचं गाडं सगळ्यात जास्त इथेच अडतं, म्हणून इथे वेळ द्या.

आयओएमएमयू उपकरणांचे गट पाडतं. एका गटातली उपकरणं एकमेकांपासून खात्रीने वेगळी ठेवता येत नाहीत, म्हणून अख्खा गट एकाच मालकाचा होतो. एचबीए कार्ड (डिस्क जोडायचं वेगळं कार्ड) आणि होस्टचा लॅन पोर्ट एकाच गटात आले, तर कार्ड व्हीएमला देता देता लॅनही हातचा जातो. प्रोसेसरला थेट जोडलेले स्लॉट सहसा स्वतंत्र गटात असतात. चिपसेटमधून येणारे छोटे स्लॉट, साटा कंट्रोलर, यूएसबी आणि लॅन हे पुष्कळ बोर्डांवर एका गटात कोंबलेले दिसतात.

ही माहिती खोक्यावर छापलेली नसते. मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये कुठला स्लॉट प्रोसेसरला आणि कुठला चिपसेटला जोडला आहे ते दिलेलं असतं. तेवढं पान आधी डाउनलोड करून वाचा. त्याच मॉडेलच्या बोर्डाची गटांची यादी कुणीतरी टाकलेली सापडली तर उत्तमच, फक्त बायोसची आवृत्ती जुळते का पाहा. बायोस अपडेटनंतर गट बदललेले मी स्वतः पाहिले आहेत.

गट फुटत नसतील तर ‘एसीएस ओव्हरराइड’चा सल्ला कुणीतरी देईलच. हा पर्याय गट वेगळे दाखवतो, पण हार्डवेअरमधली भिंत त्याने उभी राहत नाही. दोन उपकरणं अजूनही होस्टला वगळून आपापसांत बोलू शकतात. प्रयोगासाठी ठीक आहे. ज्या पूलवर (झेडएफएसच्या डिस्कांच्या संचावर) घरातले फोटो आहेत किंवा ज्या व्हीएमवर घराची फायरवॉल आहे, तिथे मी तो वापरत नाही. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहणं हा जास्त चांगला उपाय, आणि पुष्कळदा तेवढ्याने काम होतं.

आता लेन, म्हणजे स्लॉटमधून डेटा वाहायच्या समांतर वाटा. स्लॉट लांबीने सोळाचा दिसला तरी आत चारच लेन जोडलेल्या असू शकतात. घाबरू नका, हिशोब करा. पीसीआय एक्सप्रेस ३.० ची एक लेन सेकंदाला सुमारे ९८५ मेगाबाइट वाहते, म्हणजे चार लेनचे जवळपास ३.९ गिगाबाइट. फिरत्या हार्ड डिस्कचा वेग फार तर अडीचशे मेगाबाइटच्या आसपास. अशा आठ डिस्क एकाच वेळी पूर्ण वेगाने वाचल्या तरी दोन गिगाबाइट होतात. तेव्हा आठ लेनचं ३.० कार्ड चार लेनच्या स्लॉटमध्ये सुखाने चालेल, फक्त ते स्लॉटमध्ये बसलं पाहिजे. कार्ड २.० पिढीचं असेल तर स्लॉट नवा असूनही लेनमागे ५०० मेगाबाइटच मिळतात. चार लेनचे दोन गिगाबाइट म्हणजे आठ हार्ड डिस्क काठावर आल्या, आणि एसएसडी असतील तर कमीच पडतील.

रॅमचा हिशोबही याच कागदावर करा. स्टोरेजला १६ गिगाबाइट, राउटरला ४, होस्टला ४ आणि उरलेल्या व्हीएमना जे हवं ते. पासथ्रूच्या व्हीएमची रॅम अडकून पडते हे लक्षात घेता ३२ पासून सुरुवात करावी, जमलं तर ६४. ईसीसी (चुका पकडून दुरुस्त करणारी) मेमरी मिळत असेल तर घ्या. डीडीआर५ मधली चिपच्या आतली दुरुस्ती म्हणजे ईसीसी नव्हे. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक ती पकडत नाही.

विजेचं गणित एका ओळीत: वर्षभर चालू राहणारा प्रत्येक वॅट ८.७६ युनिट खातो. निष्क्रिय असताना ५० वॅट घेणारा सर्व्हर म्हणजे वर्षाला ४३८ युनिट.

पायरी ३: बायोस आणि होस्ट

बायोसमध्ये इंटेलवर व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी, एएमडीवर एसव्हीएम (एएमडी-व्हीचं बायोसमधलं नाव) आणि आयओएमएमयू चालू करा. काही बोर्डांवर आयओएमएमयू ‘ऑटो’वर असतं. ते स्पष्टपणे ‘एनेबल्ड’ करा. बायोस अपडेट करणार असाल तर आत्ताच करा आणि सेटिंगचे फोटो काढून ठेवा, कारण अपडेटनंतर ती मूळपदावर जातात.

होस्ट बसवल्यावर, एकही व्हीएम बनवण्याआधी, कर्नलच्या बूट-संदेशांत आयओएमएमयू जागं झाल्याची नोंद शोधा. इंटेलवर ती ‘डीएमएआर’ या शब्दाने सापडते, एएमडीवर ‘एएमडी-व्हीआय’ने. जुन्या कर्नलवर इंटेलसाठी बूट ओळीत पर्याय घालावा लागतो. व्हीएमला पीसीआय उपकरण जोडायच्या खिडकीत प्रॉक्समॉक्स प्रत्येकापुढे गटाचा क्रमांक दाखवतो. तो बघून कागदावर प्रत्येक उपकरणाचा पीसीआय पत्ता आणि गट लिहून घ्या. दोन मालकांची उपकरणं एका गटात दिसली तर इथेच थांबा आणि स्लॉट बदला.

द्यायच्या उपकरणाला होस्टच्या नेहमीच्या ड्रायव्हरऐवजी ‘व्हीएफआयओ’ नावाचा ड्रायव्हर पकडून ठेवतो. प्रॉक्समॉक्स हे व्हीएम सुरू होताना आपोआप करतो आणि नेटवर्क कार्डासाठी तेवढं पुरतं. एचबीएसाठी मात्र बूटच्या सुरुवातीलाच ते व्हीएफआयओच्या ताब्यात जाईल अशी तजवीज करा. होस्टला त्या डिस्क क्षणभरही दिसू नयेत. हे करताना एक खाच आहे. व्हीएफआयओला सहसा उपकरणाचा उत्पादक-क्रमांक आणि मॉडेल-क्रमांक सांगतात, पण चार पोर्टच्या कार्डावर चारही पोर्टांचे हे क्रमांक एकच असतात. एक पोर्ट होस्टला ठेवून तीन द्यायचे असतील आणि तुम्ही क्रमांकाने बांधलंत, तर चारही जातील. तिथे पीसीआय पत्त्यानेच बांधा.

व्हीएम बनवताना मशीनचा प्रकार ‘क्यू३५’ घ्या. पीसीआय एक्सप्रेसची रचना त्यात नीट मिळते.

पायरी ४: स्टोरेज

बूट डिस्क एनव्हीएमई एसएसडीवर ठेवा आणि डेटाच्या सगळ्या डिस्क एका वेगळ्या एचबीए कार्डावर. माझा नव्या माणसाला हाच सल्ला असतो, कारण यात मालकीची रेषा डोळ्यांनी दिसते: कार्डाला लावलेल्या तारा स्टोरेजच्या, बाकी सगळं होस्टचं. मदरबोर्डचा साटा कंट्रोलर स्वतंत्र गटात असेल आणि होस्टचं काहीही त्यावर नसेल तर तोही चालतो. एनव्हीएमई डिस्क तर प्रत्येकी स्वतंत्र पीसीआय उपकरणच असते, तिचा पासथ्रू सगळ्यात सोपा.

एचबीएमध्ये एलएसआयच्या चिपची कार्डं वर्षानुवर्षं टिकून आहेत. ९२११-८आय ही २.० पिढी, ९२०७-८आय आणि ९३००-८आय ही ३.०. तिन्हींना आठ डिस्क थेट लागतात. घेताना बघायची गोष्ट म्हणजे फर्मवेअर. ‘आयटी मोड’ हवा, त्यात कार्ड प्रत्येक डिस्क जशीच्या तशी पुढे देतं. रेड कार्ड (अनेक डिस्क मिळून एक दाखवणारं) घेऊन प्रत्येक डिस्कचं एकेकटं रेड बनवणं हा पर्याय झेडएफएससाठी घेऊ नका. कार्ड मध्ये बसून डिस्कबद्दलचं सत्य झाकतं, आणि उद्या कार्ड गेलं तर डिस्क दुसरीकडे वाचता येतीलच याची खात्री राहत नाही.

या कार्डांचा आणखी एक स्वभाव आहे. ती सर्व्हरच्या पेटीतल्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली असतात. घरच्या शांत कॅबिनेटमध्ये त्यांचं हीटसिंक बोट लावता येणार नाही इतकं तापतं, आणि तापलेलं कार्ड डिस्कवर चुका दाखवू लागतं. माणूस डिस्क बदलत बसतो आणि दोष वाऱ्याचा असतो. एक छोटा पंखा थेट हीटसिंकवर सोडा.

प्रॉक्समॉक्समध्ये कंट्रोलर न देता एकेक डिस्क व्हीएमला जोडायचीही सोय आहे. बऱ्याच जणांना तोच पासथ्रू वाटतो. त्यात व्हीएमला आभासी डिस्कच दिसते, स्मार्टची माहिती आत पोचत नाही, आणि मुख्य म्हणजे डिस्क होस्टलाही दिसत राहते. एकच झेडएफएस पूल होस्ट आणि व्हीएम दोघांनी एकाच वेळी उघडला, तर तो खराब होतो आणि पुष्कळदा परत येत नाही. एचबीए होस्टपासून लपवायला मघाशी सांगितलं ते याचसाठी.

डिस्क घेताना सीएमआर प्रकारच्या घ्या. एसएमआर (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या) डिस्क पूलमध्ये डिस्क बदलायची वेळ आली की रडतात. प्रत्येक डिस्कच्या अनुक्रमांकाची चिठ्ठी तिच्या समोरच्या बाजूला चिकटवा. दोन वर्षांनी एक डिस्क मरेल तेव्हा चारांतली नेमकी कुठली ओढायची हा प्रश्न त्या चिठ्ठीने सुटतो.

पायरी ५: नेटवर्क

होस्टचा व्यवस्थापनाचा पोर्ट मदरबोर्डवरचा ठेवा, त्याला स्थिर आयपी पत्ता द्या आणि तो कधीही पासथ्रू करू नका. राउटरची व्हीएम बंद असतानाही लॅपटॉपला हाताने पत्ता देऊन होस्टमध्ये शिरता आलं पाहिजे. हे पहिल्याच दिवशी राउटर मुद्दाम बंद करून तपासा.

राउटरसाठी इंटेलचं दोन किंवा चार पोर्टचं कार्ड घ्या. आय३५० हे जुनं आणि भरवशाचं. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स ही दोन्ही राउटर-फायरवॉल सॉफ्टवेअर फ्रीबीएसडीवर चालतात आणि तिथे इंटेलचे ड्रायव्हर सरस आहेत. बाहेरचा पोर्ट पासथ्रूने, आतला व्हर्टआयओने ब्रिजला, ही मांडणी मला सगळ्यात सुटसुटीत वाटते. व्हर्टआयओ वापरताना फायरवॉलच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर चेकसम ऑफलोड बंद करा, नाहीतर पिंग जाते पण पानं उघडत नाहीत असा विचित्र प्रकार दिसतो. एसआर-आयओव्ही हे एका पोर्टचे अनेक आभासी तुकडे करून वेगवेगळ्या व्हीएमना देण्याचं तंत्र आहे. चांगलं आहे, पण पहिल्या सर्व्हरवर नको.

नवं पीसीआय कार्ड घातलं की होस्टवरच्या लॅन पोर्टाचं नाव बदलू शकतं, कारण नावात बसचा क्रमांक असतो आणि कार्डामुळे क्रमांक पुढे सरकतात. ब्रिजच्या फाइलमध्ये मात्र जुनंच नाव राहतं. कार्ड घातलं आणि होस्ट नेटवर्कवरून गायब झाला, तर कार्ड खराब आहे असं समजू नका. स्क्रीन लावा, नवं नाव बघा, फाइल दुरुस्त करा. मॅक पत्त्याला धरून नाव पक्कं करून ठेवलं की हा त्रास संपतो.

राउटर व्हीएममध्ये नेण्याआधी घरच्यांशीही बोला. होस्टला रीबूट दिलात की सगळ्यांचं इंटरनेट जाणार. जुना राउटर सेटिंगसकट कपाटात तयार ठेवा, म्हणजे दोन तारा बदलल्या की घर चालू.

पायरी ६: उभारणी आणि चाचणी

सगळं एकदम करू नका. आधी होस्ट, मग एक साधी व्हीएम, मग एचबीए, आणि राउटर सगळ्यात शेवटी. पासथ्रूची व्हीएम आपोआप सुरू होण्याची खूण निदान आठवडाभर करू नका, का ते सुरुवातीला सांगितलंच आहे. एचबीएच्या व्हीएमला सुरू व्हायला वेळ लागत असेल तर त्या उपकरणापुरता रॉम-बारचा पर्याय बंद करा. कार्डाचा स्वतःचा बूट रॉम डिस्क मोजत बसलेला असतो.

नंतर क्रम ठरवा: पहिला राउटर, दुसरं स्टोरेज, आणि स्टोरेजवर अवलंबून असलेल्या व्हीएमना एक-दोन मिनिटांचा उशीर. याच होस्टवरच्या स्टोरेज व्हीएममधून शेअर घेऊन त्यावर बाकीच्या व्हीएमच्या डिस्क ठेवण्याचा मोह टाळा. स्टोरेज अडखळलं की होस्टसकट सगळं लटकतं. व्हीएमच्या डिस्क होस्टच्या एनव्हीएमईवर असू द्या.

डेटा भरण्याआधी मारून बघा. स्टोरेजची व्हीएम दहा वेळा बंद-चालू करा. काही उपकरणं स्वतःला नीट रीसेट करू शकत नाहीत आणि दुसऱ्यांदा सुरू होताना अडतात. चालू पूलमधून एक डिस्क काढा, इशारा येतो का पाहा, परत लावा. शेवटी पूल एक्स्पोर्ट करून ते एचबीए आणि डिस्क दुसऱ्या कुठल्याही संगणकात लावा आणि तिथे पूल उघडून दाखवा. हे जमलं तर मदरबोर्ड उद्या मेला तरी डेटा तुमचाच राहील.

आणि बॅकअप. प्रॉक्समॉक्सचा व्हीएम-बॅकअप पासथ्रूने दिलेल्या डिस्कना हात लावत नाही, तो फक्त व्हीएमची स्वतःची छोटी डिस्क आणि तिची सेटिंग घेतो. बॅकअप हिरवा दिसतो आणि आत फोटो नसतात. डेटाचा बॅकअप स्टोरेजच्या व्हीएमच्या आतूनच, दुसऱ्या यंत्रावर आणि एक प्रत घराबाहेर, असा वेगळा लावा. कागदाच्या शेवटच्या ओळीत त्या यंत्राचं नाव लिहा आणि तिथून एक फोल्डर परत आणून उघडून बघा. त्यानंतरच जुन्या डिस्क पुसायला घ्या.